समोरची कडी

सन १९७४. मला विसावं लागलं होतं आणि उजवा हात कोपरात असा आखडला होता की घास तोंडापर्यंत जायचा, पण ताटापर्यंत हात पोचायचा नाही. आई ताट उचलून माझ्या छातीशी धरायची, तेव्हा कुठं जेवण. जवान गडी मी, दोन मणांचं पोतं एका दमात खांद्यावर घेणारा, आणि आई ताट धरून समोर उभी. शेजारच्या बाया दारावरनं जाताना मुद्दाम हळू चालायच्या.

हे कसं झालं ते आधी सांगतो, कारण गावातली काही माणसं ते अजून चुकीचं सांगतात.

कऱ्हाडच्या खाली कृष्णेकाठी आमचं गाव. थंडी पडली की गावातले बडे बागायतदार अण्णा, त्यांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं. इंजिनाची भकभक पहाटे सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. घाण्यातनं रस यायचा, चुलवाणावर भली मोठी पसरट कढई, काहील, चढायची, जाळाला वाळलेली चिपाडं, आणि सगळ्या शिवारावर असा गोड वास की रस्त्यानं जाणारी एसटीसुद्धा जरा दमानं जायची. गुऱ्हाळाचा राजा म्हणजे गुळव्या. पाक कधी झाला हे ज्याला कळतं तो. आमचा गुळव्या दादूबा. साठीच्या पुढचा, डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. हात थंड पाण्यात बुडवून उकळत्या पाकात घालायचा, चिमूटभर उचलून परत पाण्यात, त्याची गोळी वळून दगडावर मारायचा. टण्ण वाजली की गूळ तयार. पण त्याच्या आधी बुडबुडा बघावा लागतो, आणि ते डोळे माझे. "सर्ज्या, बुडबुडा कसा हाय रं?" तो विचारायचा. "मोठाला हाय, दादूबा, अजून दम हाय," मी सांगायचो. चौथीतनं शाळा सोडली तेव्हापासनं मी त्याच्या हाताखाली. गूळ मला जेवढा कळायचा तेवढा त्या पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हता. हे मी तोंडानं बोलतोय म्हणून फुशारकी वाटेल. वाटू दे.

अण्णांचा पोरगा जालिंदर माझ्याच वयाचा. कऱ्हाडला कॉलेजात दोन वर्षं घालवून परत आलेला. एकदा दादूबा तापानं पडला आणि मी त्याला औषध आणायला गेलो. तेवढ्या वेळात जालिंदरनं मोठेपणा करून काहील लवकर उतरवली. गूळ बसलाच नाही. ढेपा सांगलीच्या पेठेत गेल्या आणि तिथं शेणाच्या पोवागत पसरल्या. अडत्यानं परत धाडल्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आवं पातळराव, पुढच्या खेपंला ढेप नका पाठवू, घागरीतनं पाठवा." गडी हसले, ऊस सोलणाऱ्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासनं त्याचं नावच पातळराव. जालिंदरसुद्धा हसला होता. तेव्हा मला कळलं नाही की अशा वेळी हसणाऱ्या माणसापासनं लांब राहावं.

गूळ झाला की काहील चुलवाणावरनं ओढून वाफ्याच्या काठावर आणतात. वाफा म्हणजे गूळ गार करायची सिमिटाची उथळ जागा. मागनं सहा गडी दांड्यांनी काहील उचलतात आणि पुढं दोघं, समोरासमोर, एकेका कडीला. पुढच्या दोघांनी समान उचलायचं. एकानं कडी वर हिसकली की सगळा पाक दुसऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून पुढच्या कड्यांना कुणालाही उभं करत नाहीत. त्या दिवशी एका कडीला मी होतो आणि दुसरीला, गडी कमी म्हणून, जालिंदर.

त्यानं कडी हिसकली. हिसकताना तो पाकाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. हे मी त्यानंतर हजार वेळा आठवलंय आणि एकदाही वेगळं आठवलेलं नाही.

गुळाचा पाक पाण्यासारखा वाहून जात नाही. चिकटतो, आणि चिकटून भाजत राहतो. दंडापासनं मनगटापर्यंत, आणि उडालेला मानेवर, जबड्यावर. बाजूला पाण्याचा हौद भरलेला होता. आज शेंबडं पोरही सांगेल की आधी त्यात हात घालायचा. पण आमच्याकडं तेव्हा पक्कं होतं की भाजल्यावर पाणी लावलं तर फोड येतात. अण्णाच ओरडले, "पाणी घालू नका रं त्येला!" म्हणून गड्यांनी गूळ हातानं ओरबाडून काढला, आणि गुळाबरोबर कातडं आलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात जालिंदर म्हणत होता, "पाय घसरला त्येचा. पाय घसरला." मी पडण्याआधीच कारण तयार होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सर्ज्याचा पाय घसरला.

घरी मी आणि आई. थोरला भाऊ बापू पलटणीत, लांब बर्फात कुठंतरी. आईनं मला चुलीपासनं लांब, माजघरात निजवलं. पहिले काही दिवस कोरफड, मग मध, आणि खपली धरायला लागल्यावर शंभर पाण्याचं तूप. ते कसं करतात हे आता कुणाला ठाऊक नसेल. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, त्यावर गार पाणी ओतायचं आणि तांब्याच्या बुडानं घोटायचं. पाणी गढूळ झालं की फेकायचं, दुसरं घालायचं. असं शंभर पाण्यानं. शेवटी तूप पांढरंशुभ्र होतं, सायीसारखं गार, वासच उरत नाही. दिवसभर घरात तो एकच आवाज, घसर घसर, मध्येच पाणी फेकल्याचा, परत घसर घसर. तिची बोटं पाण्यानं सुरकुतून जायची. ते तूप लावलं की घटकाभर आग थांबायची, खोटं बोलणार नाही. पथ्य म्हणून वांगं बंद, चिंच बंद, वाटाणा बंद. मुगाचं वरण आणि दुधात कुस्करलेली भाकरी. आमच्याकडं चहा गुळाचाच, पण मला गुळाचा वास सोसायचा नाही, म्हणून आई स्वतःचा चहा परसात चूल मांडून करायची. मी बघितलं तर पदर कपावर धरायची.

आणि ह्या मायेनंच हात गेला. सरळ केला की जखम ताणायची, दुखायचं. म्हणून आईनं जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि हात पोटाशी बांधून ठेवला. जो येईल तो सांगायचा, "आराम दे, हलवू नको." जखम भरली तेव्हा दंडापासनं खालपर्यंत वटवाघळाच्या पंखागत कातड्याचा पडदा तयार झाला होता. लाल, जाड, खाजरा. हात सरळच होईना. मानेवर लाल गाठी आल्या. आई मान बघायची आणि म्हणायची, "डाग गेलं पायजेत. पोरगी कोण देणार?" मी हात बघायचो. मला पोरगी नको होती. मला ती कडी पायजे होती, आणि समोर तो. हा हात कडीपर्यंत पोचत नव्हता. एवढीच माझी अडचण होती, बाकी मला काही सुचत नव्हतं.

एक दिवस आई नदीला गेलेली असताना मी तुपाचा डबा उघडायला गेलो. पितळी डबा. आमच्याकडं म्हैस नव्हती, तूप कुठनं येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. डब्याच्या काठावर नाव कोरलेलं होतं. लग्नात आलेल्या भांड्यांवर कोरतात तसं. नाव वाचण्याइतकी शाळा मी शिकलो होतो. अण्णांच्या बायकोचं नाव.

आई आली तेव्हा डबा अंगणात उलटा पडला होता. मी डाव्या हातानं फेकला होता, तरी लांब गेला होता.

"त्येंच्या घरचं तूप मला लावतीस?"

"मग काय तुझ्या घरचं लावू? हाय का?"

"ज्येनं जाळलं त्येचंच तूप?"

"तूप म्हशीचं हाय," आई म्हणाली. "म्हशीनं काय केलंय रं तुला?"

ती खाली बसली, मातीवरचं वरवरचं तूप बोटानं निपटलं आणि स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांना चोळलं. तूप वाया जाऊ देणारी बाई नव्हती ती. पण त्या दिवसानंतर मी कुणाला हाताला शिवू दिलं नाही. अण्णांना ठाऊक होतं म्हणूनच तूप आलं, हे मला तेव्हा उमजलं. निष्पाप माणूस दर आठवड्याला डबा धाडत नाही.

उन्हाळ्यात बापू रजेवर आला. ट्रंक खाली ठेवली आणि माझा हात धरून सरळ करायला गेला. मी ओरडलो. तो म्हणाला, "हे तुपाचं काम न्हाई, आपरेशनचं काम हाय. आमच्या एका जवानाचं असंच झालं व्हतं, स्टोव्ह भडकून. चल सांगलीला." आईनं हुंदके सुरू केले. बापू म्हणाला, "रडाय रजा मिळत न्हाई मला. बांध भाकरी."

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पडदा कापला आणि मांडीचं कातडं काढून कोपरात लावलं. हाताला मागनं प्लास्टरची पट्टी, हात सरळ राहील अशी. मला वाटलं झालं. खरं तर तिथनं सुरू झालं. तिथं व्यायामाच्या एक बाई होत्या. पांढरी साडी, बारीक अंगाच्या, आवाज मात्र हवालदाराचा. त्या आल्या की वॉर्डातली भाजलेली सगळी माणसं चादर तोंडावर घ्यायची. पायाकडं बसायच्या आणि हात ओढायच्या.

"रडायचं असेल तर खुशाल रड. पण हात वाकवायचा नाही."

"मी रडत न्हाई, बाई."

"मग डोळ्यांना काय झालंय?"

"घाम हाय."

"डोळ्यांना घाम येणारा पहिलाच बघतेय," म्हणायच्या आणि आणखी ओढायच्या.

त्यांनीच समजावलं की हे कातडं दीड-दोन वर्षं जिवंत असतं, रोज आखडायचा प्रयत्न करतं, म्हणून आपण रोज त्याला हरवायचं. खोबरेल तेल लावून अंगठ्यानं गोल गोल दाबायचं, गाठीवरनं नुसता हात फिरवायचा नाही, गाठ पांढरी पडेपर्यंत दाबायचं. मग ताणपट्टी, मनगटापासनं दंडापर्यंत घट्ट, रात्रंदिवस. उन्हात उघडं फिरायचं नाही. दाबामुळं जाड कातडं सपाट होतं, लाल उतरून मऊ होतं. डाग साफ जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. "कुणी साफ घालवून देतो म्हणाला तर त्याला दारातनंच घालव." मी सगळं केलं. मानेलासुद्धा केलं, आईनं शपथ घातली होती म्हणून. वॉर्डात इतर माणसं पट्टी सैल करायची, खाज सुटते म्हणून रात्री काढून टाकायची. मी नाही काढली. बाईंना नवल वाटलं.

"एवढी चिकाटी कशासाठी? लग्न ठरलंय का?"

"न्हाई बाई. एकाला भेटायचं हाय."

त्यांनी पट्टीचं टोक घट्ट खोचलं. "कोण आहे तो ते मी विचारत नाही," म्हणाल्या. "पण सरळ हातानं भेट. वाकड्या हातानं गेलास तर माझी मेहनत वाया."

आज माझ्या हाताला हात लावून बघा. कोपरातलं कातडं वेगळ्या रंगाचं आहे, त्यावर मांडीची लव उगवते, थंडीत तडतडतं. पण दाबलं तर मऊ लागतं. नात विचारते, "आजोबा, दुखतं का?" मी सांगतो, दुखत नाही, आठवतं.

दिवाळी झाली आणि गुऱ्हाळ परत पेटलं. मी सकाळ-संध्याकाळ विहिरीच्या रहाटाला लटकून हात ताणायचो, पाण्याच्या बादल्या सरळ हातानं उचलायचो. दादूबाला आता बुडबुडा दिसेनासाच झाला होता आणि अण्णांचा गूळ कधी करपत होता, कधी बसत नव्हता. दादूबा स्वतः काठी टेकत आमच्या दारात आला. "सर्ज्या, तुझं डोळं आण गड्या. माझं संपलं." मी म्हणालो, "येतो. पण पाक बघून झाला की पुढची कडी माझी." दादूबाला काय कळायचं ते कळलं.

जालिंदर समोरच्या कडीला उभा असायचाच. अण्णांनीच त्याला लावला होता, लोकांनी म्हणू नये की घाबरून लांब राहतो. मला बघितल्यावर तो म्हणाला, "बरं झालं आलास. हात चांगला झाला की रं." मी म्हणालो, "चांगला झालाय का बघू या."

काही दिवस मी काहीच केलं नाही. समान उचलायचो, समान सोडायचो. त्याची भीड चेपू दिली. मग एका दुपारी, गूळ पिवळाधमक उतरला होता, काहील वाफ्यावर आली, मागच्या गड्यांनी उचलली, आणि मी माझी कडी चार बोटं वर घेतली. हिसका दिला नाही. हळू, ह्या हातानं, बाईंनी ओढून सरळ केलेल्या हातानं. पाक सरकून त्याच्या काठाला टेकला. तिथंच धरून ठेवला.

"सर्ज्या, समान रं!" दादूबा ओरडला. त्याला दिसत नव्हतं, पण पाक हलल्याचा आवाज त्याला कळायचा.

"समानच हाय, दादूबा. गेल्या साली व्हतं तसंच हाय."

जालिंदरच्या तोंडावर वाफ येत होती. तो जरा हलला असता तरी पाक त्याच्या मांडीवर आला असता, आणि कडी सोडली असती तर सगळाच.

"खाली घे," तो म्हणाला. "सर्जेराव, खाली घे, पाया पडतो."

"पाय कुणाचा घसरला व्हता?"

"आरं..."

"पाय कुणाचा घसरला त्ये सांग. मोठ्यानं. चुलवाणापातूर ऐकाय गेलं पायजे."

"न्हाई घसरला. कुणाचा न्हाई घसरला. मी हिसकली. मी हिसकली, बास?"

मी सगळ्यांकडं बघितलं. वर्षभर मी ह्या घटकेची वाट बघितली होती. आता माणसं तोंडात बोटं घालतील, कुणीतरी जालिंदरवर थुंकेल. कुणी काही केलं नाही. जाळ घालणारा खाली बघून चिपाडं सारत राहिला. मागच्या दांड्यावरचा एक जण म्हणाला, "व्हय, व्हय, ठावं हाय. आता वोत बाबा, खांदं मोडाय लागल्यात." आणि अण्णा खुर्चीवरनं, जागचे न हलता, "गूळ जाईल. आधी वोता, मग काय बोलायचं त्ये बोला."

सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासनं. सहाच्या सहा गड्यांनी बघितलं होतं आणि वर्षभर मला माझाच पाय घसरल्याचं सांगत होते.

मी कडी समान केली. गूळ वाफ्यात उतरला, चांगला उतरला.

लोक म्हणतात, सर्जेरावानं हातात असून सोडला, मोठं मन. नातीलासुद्धा कुणीतरी हेच शिकवलंय. खोटं आहे. मी का नाही ओतलं ते सांगतो. तो भाजला असता तर अण्णांनी त्याला जीपमध्ये घालून पुण्याला नेला असता, सहा महिन्यांत बरा करून आणला असता, आणि गाव त्याला बिचारा म्हणालं असतं. मला त्याला बिचारा करायचं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत अण्णा आमच्या घरी आले. ते कधी आमच्या उंबऱ्यात आले नव्हते. आईनं घोंगडं टाकलं. अण्णा बसले, पायातली माती झटकली.

"झालं गेलं कृष्णामाईला मिळालं," ते म्हणाले. "उद्यापासनं जालिंदरला मी मोटारीबरोबर पेठंला धाडतो. दादूच्या जागी तू गुळव्या. पंचक्रोशीत एवढ्या लहान वयाचा गुळव्या कुणी न्हाई."

आई माझ्याकडं अशा डोळ्यांनी बघत होती की दगडाला पाझर फुटावा.

"गुळव्या होतो," मी म्हणालो. "पण पाक बघून झाला की कडी मीच धरणार. आन समोर जालिंदर. रोज."

"कशापायी?"

"कशापायी न्हाई. समान उचलाय."

"सर्जा, त्यो कबूल झाला न्हवं?"

"झाला की. म्हणून तर म्हणतोय. न्हाईतर दुसरा गुळव्या बघा, अण्णा. दादूबाला दिसत न्हाई."

अण्णांचा तीन एकर ऊस तोडून रानात पडला होता. तोडलेला ऊस थांबत नाही, उन्हात त्याचा रस उतरतो. ते बराच वेळ घोंगड्याच्या दशा ओढत बसले. त्यांनी पोराचा विचार केला असेल, पण उसाचा जास्त केला. उठताना एवढंच म्हणाले, "धाडतो त्याला."

ते गेल्यावर आई म्हणाली, "आता तरी झालं का तुझं?"

"न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गळ्याभोवतीचा मफलर काढून खुंटीला टाकला, ताणपट्टी सोडली, सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या आणि सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळावर गेलो. पहिला पाक मी बघितला, गोळी मीच दगडावर मारली. टण्ण वाजली. काहील वाफ्यावर आली तेव्हा मी माझ्या कडीला जाऊन उभा राहिलो. जालिंदर लांब, घाण्याच्या आडाला उभा होता. बापानं मागनं काहीतरी म्हटलं, तेव्हा आला. समोरच्या कडीजवळ थांबला. हात पुढं करून परत मागं घेतला. आज मी माझी कडी वर घेणार का उद्या, का ह्या सालात कधीच नाही, हे त्याला माझ्या तोंडावर वाचायचं होतं. मी त्याला काही वाचू दिलं नाही.

"धर," मी म्हणालो.